गोठा ते परिषद : औषध-प्रतिरोध, प्राणिजन्य आजार आणि आपले विद्यार्थी

आपल्या सभासदांच्या घरांतील मुले-मुली आज निरनिराळ्या विद्याशाखांत शिकत आहेत. पूर्वी पदवी म्हटली की कला किंवा वाणिज्य आणि नोकरी म्हटली की कारकुनी अथवा शिक्षकी, अशीच आपल्याकडे समजूत होती. आता पशुवैद्यक, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधनिर्माण, परिचर्या अशा शाखांतून मुले पदव्युत्तर शिक्षणापर्यंत पोहोचली आहेत. या अभ्यासक्रमांत प्रबंधासाठी प्रत्यक्ष संशोधन करावे लागते. कोणी गोठ्यातून दुधाचे नमुने आणतो, कोणी मांसाच्या दुकानातून, तर कोणी रुग्णालयातून. महिनोन्महिने प्रयोगशाळेत राबल्यावर प्रबंधाची बांधणी होते, पदवी मिळते आणि प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात जातो. त्यातील निष्कर्ष ज्यांच्या कामाचे आहेत, त्या डॉक्टरांना, पशुपालकांना व शासनाला त्याचा पत्ताही लागत नाही.

आम्ही पेशाने बँकेतील कारकून आणि शिक्षणाने कलाशाखेचे पदवीधर. प्रयोगशाळेशी आमचा थेट संबंध नाही. तथापि ही मुले परिषदेकडे पाठवायचे लिखाण भाषा व आकडे तपासण्यासाठी आमच्याकडे आणतात. त्या निमित्ताने या विषयाचे जे वाचन झाले व जाणकारांकडून जे समजून घेता आले, ते सर्व सभासदांना कळेल अशा भाषेत मांडावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विषय दोन आहेत, पण ते एकमेकांत गुंतलेले आहेत : औषधांना न जुमानणारे जंतू, आणि जनावरांकडून माणसाला होणारे आजार.

औषध-प्रतिरोध म्हणजे काय?

अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली पेनिसिलिनचा शोध लागला. १९४५ साली त्यांना फ्लोरी आणि चेन यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळच्या भाषणात फ्लेमिंग यांनी एक इशारा दिला होता. औषध अपुऱ्या प्रमाणात वापरले तर जंतू मरणार नाहीत, उलट ते त्या औषधाला सरावतील, असा त्याचा आशय होता. पुढे नेमके तसेच घडले.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'माझ्या अंगाला आता गोळ्या लागू पडत नाहीत' असे आपण म्हणतो. वास्तविक प्रतिरोध आपल्या शरीरात निर्माण होत नाही, तो जंतूमध्ये निर्माण होतो. त्यामुळे ज्या माणसाने आयुष्यात कधी प्रतिजैविक घेतले नाही, त्यालाही प्रतिरोधी जंतूची लागण होऊ शकते. औषधाचा गैरवापर एकाने करावा आणि त्याचे फळ दुसऱ्याने भोगावे, असा हा प्रकार आहे.

हे कसे घडते? ई. कोलाय हा आतड्यात राहणारा जीवाणू अनुकूल परिस्थितीत सुमारे वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. एवढ्या झपाट्याने वाढणाऱ्या कोट्यवधी जीवाणूंत एखाद्याच्या जनुकात असा बदल होतो, की औषधाचा त्याच्यावर परिणाम होत नाही. औषध दिल्यावर बाकीचे मरतात, तो एक उरतो, आणि मोकळ्या जागेत त्याचीच प्रजा वाढते. याहून गंभीर बाब अशी, की प्रतिरोधाची जनुके पुष्कळदा 'प्लाझ्मिड' नावाच्या सुट्या कड्यांवर असतात, आणि एक जीवाणू अशा कडीची नक्कल शेजारच्या जीवाणूला देऊ शकतो. तो शेजारी दुसऱ्या जातीचा असला तरी चालते. एकाच कडीवर अनेक औषधांचा प्रतिरोध असू शकतो, हे १९५० च्या दशकात जपानमध्ये हगवणीच्या जंतूंचा अभ्यास करताना प्रथम लक्षात आले.

या संकटाचा आवाका किती आहे? जानेवारी २०२२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार, २०१९ या एका वर्षात जीवाणूंच्या औषध-प्रतिरोधामुळे थेट झालेले मृत्यू सुमारे १२ लाख ७० हजार होते. ज्या मृत्यूंशी प्रतिरोधाचा संबंध होता, ते सुमारे ४९ लाख ५० हजार.

प्राणिजन्य आजार

माणसाला होणाऱ्या ज्ञात संसर्गजन्य रोगांपैकी सुमारे ६० टक्के रोग प्राण्यांकडून आलेले आहेत. ही नावे आपल्याला परकी नाहीत. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने होणारा रेबीज आपण सर्व जाणतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. उंदरांच्या मूत्रातून हा जंतू साचलेल्या पाण्यात जातो आणि पायाच्या जखमेतून माणसात शिरतो. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला, ती देशातील पहिली नोंद होती. १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, तेव्हा माकडतापाचा विषाणू ओळखण्याचे काम पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने केले. आज ती संस्था राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. हाच माकडताप २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात, काजूच्या बागांत काम करणाऱ्यांमध्ये पसरला. याशिवाय ब्रुसेलोसिस, काळपुळी, जनावरांचा क्षय अशी कितीतरी नावे घेता येतील.

विद्यार्थ्यांनी येथे एक भेद पक्का ध्यानात ठेवावा. रेबीज, माकडताप, बर्ड फ्लू हे विषाणूंचे रोग आहेत. त्यांवर प्रतिजैविक चालत नाही. लेप्टो, ब्रुसेलोसिस, काळपुळी हे जीवाणूंचे रोग आहेत. त्यांत योग्य वेळी योग्य प्रतिजैविक मिळाले तर जीव वाचतो. म्हणून औषध-प्रतिरोधाचा प्रश्न प्राणिजन्य आजारांपैकी या दुसऱ्या गटाला थेट लागू होतो. पहिल्या गटात चुकीने दिलेली प्रतिजैविके प्रतिरोध वाढवतात, एवढाच त्यांचा संबंध.

हे आजार प्रथम कोणाला गाठतात, याचाही विचार झाला पाहिजे. गोठ्यात धार काढणारा, कत्तलखान्यात काम करणारा, कातडी सोलणारा, गटारात उतरणारा सफाई कामगार, कोंबड्यांच्या शेडवरचा मजूर, बागेत पालापाचोळा गोळा करणारी बाई, यांचा जंतूशी संबंध रोजचा असतो. दवाखान्यात मात्र ही माणसे सर्वांत उशिरा पोहोचतात. नेहमीच्या स्वस्त औषधाने गुण आला नाही, तर पुढचे महाग औषध त्यांना परवडत नाही. म्हणून हा विषय आपल्या स्मरणिकेत यावा असे आम्हास वाटले.

माणसाला आणि जनावराला पुष्कळ वेळा एकाच कुळातील प्रतिजैविके दिली जातात. जनावरांना ती आजारासाठी तर देतातच, पण अनेक देशांत वाढ लवकर व्हावी म्हणून ती खाद्यातही मिसळली गेली. स्वीडनने १९८६ साली वाढीसाठी होणारा हा वापर बंद केला, आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून तो सर्वत्र बंद केला. माणसाचे, जनावराचे आणि पाणी-मातीचे आरोग्य वेगवेगळे मानून चालणार नाही, या विचाराला 'एक आरोग्य' असे नाव आहे. या विचारावरील पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०११ साली मेलबर्न येथे भरली. २०२२ मध्ये सिंगापूर व २०२४ मध्ये केपटाऊन येथे अशा परिषदा झाल्या. आपल्या राज्यात नागपूर येथे राष्ट्रीय एक आरोग्य संस्थेची पायाभरणी ११ डिसेंबर २०२२ रोजी झाली.

एका शोधाने काय होऊ शकते : कोलिस्टिनचे उदाहरण

'आमच्या चार आकड्यांनी जगाचे काय होणार?' असे विद्यार्थी विचारतात. त्यांनी कोलिस्टिनची हकिगत वाचावी.

कोलिस्टिन हे जुने औषध. मूत्रपिंडाला अपाय होतो म्हणून १९७० च्या दशकापासून माणसांसाठी त्याचा वापर कमी झाला. पुढे इतर औषधे निकामी ठरू लागली, तेव्हा अत्यवस्थ रुग्णांसाठी शेवटचा उपाय म्हणून डॉक्टर पुन्हा त्याच्याकडे वळले. दरम्यान डुकरे व कोंबड्यांच्या खाद्यात मात्र ते टनावारी वापरले जात होते. कोलिस्टिनचा प्रतिरोध एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जात नाही, अशी तोवर समजूत होती.

चीनमधील संशोधकांनी एप्रिल २०११ ते नोव्हेंबर २०१४ या काळात निरनिराळ्या ठिकाणांहून ई. कोलायचे नमुने गोळा केले. शांघायच्या एका डुकरापासून मिळालेल्या जीवाणूत त्यांना कोलिस्टिनचा प्रतिरोध प्लाझ्मिडवर आढळला. या जनुकाला त्यांनी एमसीआर-१ असे नाव दिले. मग त्यांनी साऱ्या नमुन्यांत त्याचा शोध घेतला. कच्च्या मांसाच्या ५२३ नमुन्यांपैकी ७८, प्राण्यांच्या ८०४ पैकी १६६, आणि रुग्णालयातील १,३२२ रुग्णांपैकी १६ जणांत ते सापडले. टक्केवारीने पाहता मांसात १५, प्राण्यांत २१ आणि रुग्णांत सुमारे १. प्राण्यांत जास्त व माणसांत कमी, या उतरत्या क्रमावरूनच वाट कोणत्या दिशेने आहे याचा अंदाज आला. हा शोधनिबंध नोव्हेंबर २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

पुढे जे घडले ते विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. निबंध वाचून इतर देशांतील प्रयोगशाळांनी आपल्याकडे जपून ठेवलेले जुने जीवाणू व जुन्या नोंदी तपासल्या. डेन्मार्कच्या संशोधकांना हेच जनुक त्यांच्या संग्रहात सापडले आणि त्यांनी डिसेंबर २०१५ मध्येच ते जाहीर केले. नमुना कोठला, कोणत्या तारखेचा, कशातून घेतला, याची नीट नोंद असल्यामुळेच हे शक्य झाले. चीनने वाढीसाठी खाद्यात कोलिस्टिन घालणे २०१७ साली बंद केले. त्यानंतरच्या पाहणीत डुकरांमधील कोलिस्टिन-प्रतिरोधी ई. कोलायचे प्रमाण २०१५-१६ मधील ३४ टक्क्यांवरून २०१७-१८ मध्ये ५.१ टक्क्यांवर आले, आणि माणसांच्या आतड्यात एमसीआर-१ असलेला ई. कोलाय आढळण्याचे प्रमाण २०१६ मधील १४.३ टक्क्यांवरून २०१९ मध्ये ६.३ टक्क्यांवर आले. भारत सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने १९ जुलै २०१९ च्या अधिसूचनेद्वारे, ज्यांचे दूध, अंडी वा मांस खाल्ले जाते अशा प्राण्यांसाठी, मत्स्यशेतीसाठी आणि पशुखाद्यासाठी कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री व वितरण यांवर बंदी घातली.

एका डुकराच्या नमुन्यापासून निघालेली ही वाट चार वर्षांत आपल्या देशाच्या राजपत्रापर्यंत आली. ती आली, कारण शोध इतरांना तपासता येईल अशा रीतीने मांडला गेला. विद्यार्थ्याचे काम यापेक्षा कितीतरी लहान असेल. पण अमुक तालुक्यातील गोठ्यांत अमुक औषध किती प्रमाणात निकामी झाले आहे, ही माहिती दुसरे कोणी देणार नाही. ती त्या तालुक्यात नमुने घेणाऱ्यानेच द्यायची आहे.

परिषद आणि गोषवारा

परिषदेत एकाच विषयावर काम करणारी माणसे एकत्र येतात. आपले काम तेथे मांडण्यासाठी आधी गोषवारा पाठवावा लागतो. बहुतेक परिषदांत तो अडीचशे ते तीनशे शब्दांचा असतो व संगणकावरून ठरावीक नमुन्यात भरायचा असतो. परीक्षक तो वाचतात आणि मग तीनपैकी एक निर्णय कळतो : व्यासपीठावर निबंधवाचन, पोस्टर, किंवा नकार. पोस्टर मिळाले म्हणजे आपला अपमान झाला, असे कोणी मानू नये. पोस्टरसमोर उभे राहून दहा जाणकारांशी जे बोलणे होते, ते दहा मिनिटांच्या भाषणात होत नाही.

आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. अनेक परिषदांत परीक्षकांपुढे गोषवारा जातो, तेव्हा त्यावर लेखकाचे नाव, आडनाव व महाविद्यालय नसते, केवळ क्रमांक असतो. लहान गावच्या महाविद्यालयातील मुलीचा गोषवारा आणि महानगरातील नामांकित संस्थेचा गोषवारा एकाच पट्टीने मोजला जातो. सर्वच ठिकाणी अशी पद्धत आहे असे नाही, पण जेथे आहे तेथे आपल्या मुलांनी संकोच न करता पाठवावे.

गोषवारा कसा लिहावा?

गोषवाऱ्याचे भाग ठरलेले आहेत : पार्श्वभूमी, उद्देश, पद्धती, निष्पत्ती व निष्कर्ष. समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. यातील आकडे केवळ नमुन्यादाखल आहेत.

समजा, एका विद्यार्थिनीने कासदाह, म्हणजे आपल्याकडे ज्याला दगडी म्हणतात, त्या रोगाच्या १२० म्हशींचे दूध तपासले. त्यांपैकी ४८ नमुन्यांत स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू सापडला. ४८ पैकी १८ जीवाणूंवर टेट्रासायक्लिनचा परिणाम झाला नाही.

पार्श्वभूमी दोन वाक्यांत संपवावी. फ्लेमिंगपासून सुरुवात करण्याची गोषवाऱ्यात गरज नाही. ती आम्ही या लेखात केली, कारण वाचक वेगळे आहेत. परीक्षकाला विषय ठाऊक असतो. या भागात या कामाची नेमकी उणीव कोठे होती, एवढेच सांगावे.

उद्देश एका वाक्यात यावा. 'औषध-प्रतिरोधाचा अभ्यास करणे' हा उद्देश नव्हे. 'दगडी झालेल्या म्हशींच्या दुधातील या जीवाणूचा अमुक पाच औषधांना किती प्रतिरोध आहे ते मोजणे' हा उद्देश झाला.

पद्धतीत किती नमुने, कोठून, कोणत्या महिन्यांत, कसे निवडले, जीवाणू कसा ओळखला आणि प्रतिरोध कोणत्या रीतीने व कोणत्या वर्षीच्या मानकानुसार ठरवला, हे लिहावे. जीवाणू पसरलेल्या थाळीवर औषधाच्या चकत्या ठेवून भोवतीचे निर्मळ वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजण्याची पद्धत १९६६ पासून रूढ आहे. त्या वर्तुळाचा अर्थ लावण्याची कोष्टके मात्र वेळोवेळी सुधारली जातात, म्हणून वर्ष लिहिणे आवश्यक ठरते. तसेच, ज्याचे उत्तर आधीच माहीत आहे असा प्रमाण जीवाणू सोबत तपासला होता, हेही नमूद करावे. आपला तराजू बरोबर होता याचा तो दाखला असतो.

निष्पत्तीत आकडे द्यावेत, विशेषणे देऊ नयेत. 'मोठ्या प्रमाणात प्रतिरोध आढळला' असे न लिहिता '४८ पैकी १८, म्हणजे ३७.५ टक्के' असे लिहावे. येथे छेद कोणता, हे फार महत्त्वाचे आहे. १८ ला १२० ने भागले तर १५ टक्के येतात, ४८ ने भागले तर ३७.५. दोन्ही आकडे खरे आहेत, पण त्यांचा अर्थ वेगळा आहे. पहिला आकडा सांगतो की तपासलेल्या म्हशींपैकी किती जणींत असा जीवाणू होता. दुसरा सांगतो की सापडलेल्या जीवाणूंपैकी किती प्रतिरोधी होते. शिवाय ४८ ही संख्या लहान आहे. गणिताने पाहिल्यास खरे प्रमाण सुमारे २५ ते ५२ टक्क्यांच्या दरम्यान कोठेही असू शकते. ही मर्यादा लिहिल्याने कामाची किंमत कमी होत नाही, परीक्षकाचा विश्वास वाढतो.

निष्कर्ष निष्पत्तीच्या पुढे जाऊ नये. दोन तालुक्यांतील म्हशींवरून 'महाराष्ट्रात टेट्रासायक्लिन निकामी झाले आहे' असे म्हणता येणार नाही. दुधातील जीवाणू माणसात गेला, असेही म्हणता येणार नाही, कारण माणसे तपासलेलीच नाहीत. 'या भागात हे औषध देण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी' एवढे खात्रीने म्हणता येते, आणि पशुवैद्यकाला तेवढेच उपयोगी पडते.

गोषवारा परत का येतो?

बँकेत अक्षरी व अंकी रकमेत तफावत असलेला धनादेश परत जातो. खातेदार कितीही मोठा असला तरी इलाज नसतो. गोषवाऱ्याचेही तसेच आहे. आमच्या पाहण्यात वारंवार येणारी कारणे अशी :

१. बेरजा जुळत नाहीत. पद्धतीत १२० नमुने व निष्पत्तीत ११८. दोन नमुने सांडले असतील तर तसे लिहावे.

२. निष्पत्तीऐवजी 'तपशील परिषदेत सादर केला जाईल' असे लिहिलेले असते. आकडे नाहीत तर परीक्षक काय तपासणार?

३. 'बहुऔषध-प्रतिरोधी' हा शब्द सैलपणे वापरलेला असतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या व आता रूढ असलेल्या व्याख्येनुसार, तीन किंवा अधिक गटांतील प्रत्येकी किमान एका औषधाला न जुमानणारा जीवाणू, असा त्याचा अर्थ आहे. एकाच गटातील तीन औषधे मोजून चालत नाहीत.

४. पद्धतच चुकीची असते. कोलिस्टिनचा रेणू मोठा असल्याने तो चकतीतून थाळीवर नीट पसरत नाही. म्हणून चकतीच्या पद्धतीने काढलेला कोलिस्टिनचा निकाल ग्राह्य धरला जात नाही. त्यासाठी द्रव माध्यमात औषधाचे प्रमाण पायरीपायरीने बदलून तपासणी करावी लागते. हे आधी ठाऊक नसल्यामुळे वर्षभराचे काम वाया गेल्याची उदाहरणे आहेत.

५. शब्दमर्यादा किंवा मुदत पाळलेली नसते. परदेशातील परिषदेची मुदत पुष्कळदा तेथील घड्याळाप्रमाणे असते, ते आधी पाहून घ्यावे. शेवटच्या रात्रीसाठी काम ठेवू नये.

परवानगी आणि माणुसकी

माणसांचे नमुने घ्यायचे असल्यास संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मान्यता काम सुरू करण्यापूर्वी घ्यावी लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे याबाबत स्पष्ट आहेत. जनावरांवर प्रयोग करायचा असल्यास प्राणी नीतिमत्ता समितीची मान्यता लागते. केवळ दूध किंवा दुकानातील मांस तपासायचे असले तरी समितीला विचारून, मान्यतेची गरज नसल्याचे पत्र घेऊन ठेवावे. परिषद मान्यतेचा क्रमांक मागते, आणि काम झाल्यावर मागील तारखेची मान्यता मिळत नाही.

कागदापलीकडचीही एक जबाबदारी आहे. ज्या गवळ्याने विश्वासाने आपल्या म्हशीचे दूध दिले, त्याचे किंवा त्याच्या वस्तीचे नाव गोषवाऱ्यात येता कामा नये. 'अमक्या वस्तीच्या दुधात जंतू' एवढी बातमी फुटली, तरी त्याचे रतीब तुटतील. उलट निकाल सर्वांत आधी त्याला सांगावा. कोणते औषध त्याच्या जनावराला लागू पडेल, आणि औषध दिल्यावर किती दिवसांचे दूध विकायचे नाही, हे पशुवैद्यकामार्फत त्याला समजावून द्यावे. ज्याच्या गोठ्यातून नमुना घेतला त्याला काहीच न सांगता तो निकाल परदेशात वाचून दाखवणे आम्हास योग्य वाटत नाही.

लेखकांच्या नावांचाही प्रश्न आधीच मिटवावा. मार्गदर्शकांची संमती घेतल्याशिवाय गोषवारा पाठवू नये. ज्याने मुख्य काम केले त्याचे नाव प्रथम असावे, आणि नमुने आणणाऱ्या प्रयोगशाळा परिचराचे आभार मानायला विसरू नये.

खर्च आणि फसवणूक

परिषदेची नोंदणी, प्रवास व मुक्काम यांचा खर्च आपल्या घरांना जड जातो. विद्यार्थ्यांना शुल्कात सवलत बहुतेक ठिकाणी असते. काही परिषदा होतकरू विद्यार्थ्यांना प्रवासखर्चही देतात, पण त्याचा अर्ज पुष्कळदा गोषवाऱ्यासोबतच करावा लागतो. निवड झाल्यावर विचारणा करून उपयोग होत नाही. महाविद्यालय, विद्यापीठ आणि शासनाचे विज्ञान विभाग यांच्याकडील साहाय्याची चौकशी सहा महिने आधी सुरू करावी.

याच जोडीने सावधगिरीचा इशारा देणे आवश्यक आहे. केवळ शुल्क उकळण्यासाठी भरवल्या जाणाऱ्या परिषदा आज पुष्कळ झाल्या आहेत. न मागता आलेले स्तुतिपर निमंत्रण, एकाच छताखाली वैद्यक, अभियांत्रिकी व वाणिज्य असे सर्व विषय, दोन दिवसांत स्वीकृती आणि लगोलग पैशाची मागणी, या त्यांच्या खुणा होत. आयोजक कोण, पूर्वीच्या परिषदा कोठे झाल्या, समितीवरील प्राध्यापकांना आपले नाव तेथे असल्याचे ठाऊक आहे काय, याची मार्गदर्शकांकडून खात्री करून घेतल्याशिवाय एक रुपयाही भरू नये. प्रमाणपत्र भिंतीवर लावण्यासाठी परिषदेला जायचे असेल, तर ते पैसे पुस्तकांवर खर्च केलेले बरे.

आपण काय करू शकतो?

जे सभासद विद्यार्थी नाहीत, त्यांच्यासाठीही यात काम आहे. औषधाच्या पट्टीवर उभी लाल रेघ असेल तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये. या लाल रेघेच्या प्रचाराची मोहीम शासनाने २०१६ साली सुरू केली. सर्दी-पडशासारख्या विषाणूंच्या आजारात प्रतिजैविकाचा हट्ट धरू नये. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नयेत व घरच्या शेळीला किंवा कोंबडीलाही घालू नयेत. गावी जनावरे असतील तर औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावे.

विद्यार्थ्यांसाठी आमची संस्थेला एक सूचना आहे. आपल्या अभ्यासिकेत महिन्यातून एक संध्याकाळ गोषवारा-वाचनासाठी ठेवावी. विषयाचे ज्ञान असलेला एक, भाषा जाणणारा एक आणि हिशेब तपासणारा एक, असे तिघे पुरेत. विद्यार्थ्याने आपला गोषवारा मोठ्याने वाचावा आणि या तिघांनी प्रत्येक आकड्याला 'कितीपैकी?' आणि प्रत्येक निष्कर्षाला 'कशावरून?' एवढेच दोन प्रश्न विचारावेत. या दोन प्रश्नांतून सुखरूप सुटलेला गोषवारा परीक्षकांपुढे सहसा अडखळत नाही. हिशेब तपासण्याचे काम आम्ही आनंदाने पत्करू.

ज्यांच्या घरात प्रबंध पूर्ण होऊन पडून आहेत, त्यांनीही ते बाहेर काढावेत. तारखा व नोंदी नीट असतील तर दोन-तीन वर्षांपूर्वीचे कामही उपयोगी पडते, हे डेन्मार्कच्या उदाहरणावरून दिसतेच. गोठ्यातल्या माणसाने दूध दिले, आई-वडिलांनी फी भरली, मुलाने वा मुलीने रात्री जागवल्या. एवढ्या सर्वांच्या कष्टातून निघालेला आकडा योग्य ठिकाणी, योग्य नमुन्यात आणि मुदतीत पोहोचवणे, हे त्या अभ्यासाचे शेवटचे काम आहे. ते केल्याशिवाय अभ्यास पुरा झाला असे समजू नये.